जुन्या पीसीवर लिनक्सच्या कमांड लाइनवरून सीडी-डीव्हीडी राइट करायची तर

पेनड्राइव्हच्या जमान्यात सीडी मारतं कोण, असं विचारणाऱ्याने मुंबईत जरा आजूबाजूला बघावं. एमआरआय काढला की रिपोर्टबरोबर अनेकदा सीडीच हातात पडते, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर तिची प्रत लागते. भजनी मंडळातल्या काकांच्या गाडीतला डेक ऑडिओ सीडीशिवाय काही वाजवत नाही. सोसायटीच्या आधीच्या कमिटीने दहा वर्षांचे हिशोब सीडीवर ठेवलेले असतात. आणि माळ्यावरचा पेंटियम ४ खाली काढून त्यावर लिनक्स टाकायचं म्हटलं, तर त्याचं बायोस बहुधा पेनड्राइव्हवरून बूट व्हायला तयार नसतं. तिथे सीडीला पर्याय नाही.

अशा मशीनमध्ये रॅम ५१२ एमबी असली तरी नशीब. के३बी किंवा ब्रासेरो हे डिस्क राइट करायचे खिडक्यांवाले प्रोग्राम चालतात, पण खिडक्या आणि आयकॉन रंगवण्यातच त्यांची अर्धी ताकद जाते, आणि राइट करायला तेही पडद्यामागे बहुधा साध्या कमांडच बोलावतात. मग मधला दलाल कशाला? शिवाय प्रत्यक्ष राइट करणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. डिस्क वाया जाते ती आधीच्या तयारीत, नाहीतर नंतर तपासायचा कंटाळा केल्यामुळे. म्हणून खाली त्या दोन्हींवरच जास्त लिहिलं आहे.

लिहिण्याची पद्धत एकदा सांगून ठेवतो. कमांड फोनवरून सांगतात तशा उच्चाराने दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. मोठं अक्षर लागेल तिथे तसं म्हटलं आहे, आणि फसवं स्पेलिंग सुटं करून दिलं आहे.

आधी मशीनची ओळख

ड्राइव्ह खरंच रायटर आहे की नुसता रीडर, हे बाहेरच्या छापील खुणांवरून ठरवू नका. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला विचारा:

कॅट /प्रॉक/सिस/डेव्ह/सीडीरॉम/इन्फो

प्रॉक म्हणजे पी-आर-ओ-सी, सिस म्हणजे एस-वाय-एस, डेव्ह म्हणजे डी-ई-व्ही. एक छोटी यादी येईल. वरती ड्राइव्हचं नाव असतं, बहुतेक वेळा एसआर०. खाली ‘कॅन राइट सीडी-आर’, ‘कॅन राइट डीव्हीडी-आर’ अशा ओळी असतात. पुढे १ असेल तर जमतं, ० असेल तर नाही. फारच जुन्या कर्नलवर आयडीई ड्राइव्हचं नाव एचडीसी असं दिसतं. मग खाली जिथे एसआर० आहे तिथे ते घाला.

दुसरी गोष्ट केबल. जुन्या पीसीत हार्डडिस्क आणि रायटर एकाच चपट्या आयडीई केबलवर लटकवलेले असतात. त्या केबलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, त्यामुळे डिस्कवरून वाचून रायटरला देताना दोघांची सतत अडवाअडवी होते. मदरबोर्डवर दुसरं आयडीई पोर्ट रिकामं असेल तर रायटर तिथे स्वतंत्र केबलवर लावा. एवढ्या एका बदलाने अर्ध्या तक्रारी मिटतात. मग पुढे सुडो (ॲडमिनच्या हक्कांनी कमांड चालवणारा शब्द, एस-यू-डी-ओ) लावून डीमेसेज, म्हणजे डी-एम-ई-एस-जी, ही कमांड द्या आणि रायटरच्या नावाजवळ ‘यूडीएमए/३३’ दिसतं का ते बघा. ऑप्टिकल ड्राइव्हला तेवढा वेग पुरतो. ‘पीआयओ’ दिसलं तर प्रत्येक बाइट प्रोसेसर स्वतः वाहून नेतो आहे असं समजा. केबल आणि बायोसमधली सेटिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाहेरून लावायचा यूएसबी रायटर असेल तर पोर्ट कुठल्या पिढीचं आहे ते महत्त्वाचं. यूएसबी १.१ चा कागदावरचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, हाती येतो तो साधारण १ एमबी. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, म्हणजे ४एक्सने सीडी निभावते. डीव्हीडीचा १एक्सच मुळात १.३८ एमबी आहे, तेव्हा त्या पोर्टवर डीव्हीडीचा नाद सोडा.

हक्कांचंही बघून घ्या. ‘ग्रुप्स’ ही कमांड दिल्यावर यादीत सीडीरॉम हा गट दिसला पाहिजे. नसेल तर सुडो ॲडयूजर, तुमचं लॉगिन, आणि सीडीरॉम असं लिहून गटात शिरा आणि एकदा लॉगआउट करून परत या.

कोरी डिस्क

लॅमिंग्टन रोडला अजून कोऱ्या डिस्क मिळतात, पण वर्षानुवर्षं काचेमागे उन्हात राहिलेलं पॅकेट घेऊ नका. राइट होणारा थर हा रंगद्रव्याचा असतो आणि ऊन त्याचं वाटोळं करतं. सुट्या, बिनपाकिटाच्या डिस्कपेक्षा सीलबंद स्पिंडल बरा. सीडीवर ७०० एमबी लिहिलेलं असतं, म्हणजे ८० मिनिटं, म्हणजे ३,६०,००० सेक्टर. प्रत्येकी २,०४८ बाइट धरून ७३,७२,८०,००० बाइट. डीव्हीडीवरचे ४.७ जीबी हे दहाच्या हिशेबाचे आहेत. लिनक्स १,०२४ च्या हिशेबाने मोजतं तेव्हा ते ४.३८ च्या आसपास भरतं. ‘साडेचार जीबीचं फोल्डर का मावत नाही’ याचं उत्तर इथे आहे.

कुठली साधनं

सीडीसाठी वोडिम, डब्ल्यू-ओ-डी-आय-एम. इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कचा मजकूर धरणारी एकच फाइल, बनवायला जेनआयएसओइमेज. जी-ई-एन, मग आयएसओ, मग इमेज, सगळं जोडून. डीव्हीडीसाठी ग्रोआयएसओएफएस, जी-आर-ओ-डब्ल्यू, मग आयएसओ, मग एफएस. डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजची नावं हीच. पहिली दोन २००६ साली परवान्याच्या भांडणातून जन्मली: यॉर्ग शिलिंगच्या सीडीरेकॉर्डपासून डेबियनच्या मंडळींनी फुटून आपला वेगळा संच काढला. त्यानंतर त्यांच्यावर फारसं काम झालेलं नाही, पण जुन्या मशीनवर ती भक्कम चालतात. वोडिमने तुमच्या ड्राइव्हशी जमवून घेतलं नाही तर सीडीआरस्किन वापरा, स्पेलिंग सी-डी-आर-एस-के-आय-एन. त्याला खालचे जवळपास सगळे पर्याय तसेच्या तसे कळतात.

फोल्डर लावणं आणि मराठी नावं

जे जायचं ते सगळं एका फोल्डरमध्ये गोळा करा. समजा त्याचं नाव ‘माल’. त्या फोल्डरमध्ये शिरून आधी चेकसमची, म्हणजे प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-आकड्याची यादी काढा:

फाइंड . -टाइप एफ -एक्झेक शा२५६सम {} + > ../यादी.टीएक्सटी

एक्झेक म्हणजे ई-एक्स-ई-सी, शा म्हणजे एस-एच-ए, सम म्हणजे एस-यू-एम. यादी मुद्दाम बाहेर, एक पायरी वर बनवली, नाहीतर ती अर्धवट लिहिलेली असताना स्वतःचाच चेकसम काढून बसते. झाल्यावर ती ‘माल’मध्ये हलवा. दहा वर्षांनी डिस्क कोणाच्याही हातात पडली तरी फाइली शाबूत आहेत का, हे त्याला तुम्हाला न विचारता कळेल.

आता आपला खास प्रश्न, देवनागरी नावांचा. विंडोजला लांब नावं दिसावीत म्हणून जोलिएट नावाची सोय इमेजमध्ये घालतात. तिची मर्यादा ६४ अक्षरांची. इंग्रजीत ती सहसा आडवी येत नाही. मराठीत काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. ‘श्री’ डोळ्यांना एक अक्षर, संगणकाच्या खात्यावर चार. त्यामुळे ‘श्री विठ्ठल रखुमाई मंदिर कार्तिकी एकादशी उत्सव संपूर्ण ध्वनिमुद्रण पहिला दिवस’ यासारखं नाव मर्यादा ओलांडतं. दुसऱ्या दिवसाच्या फाइलची सुरुवात तीच असेल, तर कापल्यावर दोन्ही नावं सारखी होतात आणि जेनआयएसओइमेज ‘सेम जोलिएट नेम’ म्हणत थांबतं. उपाय सोपा: फरक पडतो तो भाग नावाच्या सुरुवातीला आणा. ‘०१ कार्तिकी’, ‘०२ कार्तिकी’. डिस्क गाडीत वाजणार असेल तर सरळ इंग्रजी अक्षरांत लिहा, बहुतेक डेकना देवनागरी वाचता येत नाही.

काळ्या कन्सोलवर मराठी नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका. त्या कन्सोलकडे देवनागरी फॉन्टच नसतो. डिस्कवर जाणारं नाव ठीक असतं.

आणि एक: ४ जीबीहून मोठी एकच फाइल असेल, उदाहरणार्थ नाटकाचं अख्खं चित्रीकरण, तर आयएसओच्या जुन्या नियमात ती बसत नाही. स्प्लिट -बी २०००एम असं करून तिचे तुकडे पाडा, आणि जोडायचे कसे ते एका ओळीत लिहून डिस्कवर ठेवा.

इमेज बनवा, उघडून बघा

थेट फोल्डरवरून राइट करता येतं, पण जुन्या मशीनवर मी तसं करत नाही. हजार बारक्या फाइली शोधत हार्डडिस्कचं डोकं इकडेतिकडे धावतं आणि रायटर उपाशी राहतो. एकसंध इमेज बनवली की डिस्कला सरळ ओळीत वाचायचं असतं. तेवढी रिकामी जागा हार्डडिस्कवर हवी, हे ओघानं आलंच.

जेनआयएसओइमेज -आर -जे -व्ही सोसायटी२४ -ओ सीडी.आयएसओ माल/

यात जे आणि व्ही मोठे. आर लिनक्ससाठी लांब नावं आणि सर्वांना वाचता येतील असे हक्क देतो, जे म्हणजे वरचं जोलिएट, व्ही म्हणजे डिस्कचं नाव, १६ इंग्रजी अक्षरांच्या आत. कमांड सुरू होताच पहिल्या ओळींत ‘इनपुट-चारसेट’बद्दल एक सूचना येते. तिथे ‘यूटीएफ-८’ लिहिलेलं असलं पाहिजे. दुसरं काही दिसलं तर कंट्रोल-सी दाबून थांबवा आणि कमांडमध्ये -इनपुट-चारसेट यूटीएफ-८ घाला. तो शब्द सी-एच-ए-आर-एस-ई-टी असा लिहायचा. नाहीतर सगळी मराठी नावं किड्यामुंग्यांसारखी होऊन डिस्कवर बसतील.

आता इमेज डिस्क असल्यासारखी उघडा:

सुडो माउंट -ओ लूप,आरओ सीडी.आयएसओ /एमएनटी

/एमएनटी मध्ये जाऊन शा२५६सम -सी यादी.टीएक्सटी चालवा. प्रत्येक ओळीपुढे ‘ओके’ आलं पाहिजे. यादीच्या स्वतःच्या नावाची ओळ त्यात नसते, ते बरोबर आहे. मग यूमाउंट करा. स्पेलिंग यू-एम-ओ-यू-एन-टी, पहिल्या यूनंतर एन नाही. चूक इथे सापडली तर डिस्क वाचते.

लिनक्सची इन्स्टॉल सीडी करायची असेल तर इमेज तयारच उतरवलेली असते. तिचा चेकसम साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. ३२-बिट पीसीसाठी शोधत असाल तर डेबियन १२ पर्यंतच नियमित इन्स्टॉलर होता, १३ मध्ये तो राहिलेला नाही.

राइट करणं

मशीनला बाकी सगळ्या कामांतून मोकळं करा. ब्राउझर बंद, अपडेट बंद. ग्राफिकल डेस्कटॉपच खाली उतरवता आला तर उत्तम: सुडो सिस्टिमसीटीएल आयसोलेट मल्टि-यूजर.टार्गेट. डिस्क घातल्याबरोबर आपोआप माउंट करणारा कार्यक्रमही त्याबरोबर झोपतो.

पहिल्यांदा रंगीत तालीम. लेझर प्रत्यक्ष न जाळता ड्राइव्ह सगळी प्रक्रिया करून दाखवतो:

वोडिम -व्ही -डमी -डाओ स्पीड=८ एफएस=१६एम ड्रायव्हरऑप्ट्स=बर्नफ्री डेव्ह=/डेव्ह/एसआर० सीडी.आयएसओ

इथे व्ही लहान, डाओ म्हणजे डी-ए-ओ, अख्खी डिस्क एका दमात लिहिण्याची पद्धत, ड्रायव्हरऑप्ट्स म्हणजे ‘ड्रायव्हर’ला जोडून ओ-पी-टी-एस. तालीम नीट झाली की तीच ओळ वरच्या बाणाने परत आणा, -डमी काढा, एंटर. ही तालीम सीडीवर चालते. डीव्हीडी+आरवर चालत नाही.

चालू असताना पडद्यावर एक ओळ सतत बदलत असते: किती एमबीपैकी किती लिहिले, मग कंसात फिफो आणि टक्के, मग बफ आणि टक्के, शेवटी गती. हीच ओळ बघत बसायची. फिफो म्हणजे रॅममधला साठा, एफएसने आपण १६ एमबी केला तो. बफ म्हणजे ड्राइव्हच्या पोटातला साठा. फिफो घसरत असेल तर हार्डडिस्क कमी पडते आहे. फिफो १०० वर आणि बफ मात्र खाली, तर वाट केबलमध्ये किंवा यूएसबीमध्ये तुंबली आहे. दोन्ही नव्वदीत असतील तर चहा ठेवायला हरकत नाही. ८एक्सला पूर्ण सीडी दहा मिनिटांत होते, वर शेवटचं ‘फिक्सेटिंग’, म्हणजे डिस्क पुरी करून बंद करणं. त्यावर गाडी अडल्यासारखी वाटते. ती अडलेली नसते, बटण दाबू नका.

साठा पूर्ण आटला की पूर्वी डिस्क तिथेच मरायची. २००० साली सान्योने बर्न-प्रूफ आणलं आणि ड्राइव्ह थांबून पुन्हा तिथूनच सुरू करायला शिकले. बर्नफ्री हा पर्याय तीच सोय चालू करतो. त्याआधीचा ड्राइव्ह असेल तर गती आणखी उतरवा. पण ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हेही खरं नाही. ५२एक्सच्या डिस्क १एक्स-२एक्ससाठी बनलेल्याच नसतात. मी सीडीला ८ ते १६ आणि डीव्हीडीला ४ ठेवतो.

डाओ मोड काही ड्राइव्ह नाकारतात. मग -टाओ (टी-ए-ओ, एकेक ट्रॅक लिहिण्याची पद्धत) वापरा, फक्त त्यात शेवटी दोन फालतू सेक्टर पडतात आणि डिस्क थेट शेवटपर्यंत वाचायला गेलात तर एरर येतो. डेटा त्याने बिघडत नाही.

तपासणी

डिस्क एकदा बाहेर काढून परत आत घाला, म्हणजे मेमरीतली जुनी माहिती वाचली जाणार नाही. एलएस -एलने इमेजचे बाइट बघा आणि २,०४८ ने भागा. ६७,१०,८८,६४० बाइट असतील तर ३,२७,६८० सेक्टर. तेवढेच वाचायला सांगा:

डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर० बीएस=२०४८ काउंट=३२७६८० | शा२५६सम

आणि शेजारी शा२५६सम सीडी.आयएसओ. दोन लांबलचक आकडे अक्षरशः सारखे आले पाहिजेत. मग शक्य असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी मशीनमध्ये माउंट करून यादीची तपासणी चालवा, कारण ज्या ड्राइव्हने लिहिलं त्याला स्वतःचं अक्षर कसंही वाचता येतं. वकिलांच्या ऑफिसात काम करणाऱ्यांनी हा आकडा जपून ठेवावा: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबरच्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे असाच आकडा, लिहावा लागतो.

डीव्हीडी

वोडिमला डीव्हीडीसाठी तसदी देऊ नका.

ग्रोआयएसओएफएस -स्पीड=४ -डीव्हीडी-कॉम्पॅट -झेड /डेव्ह/एसआर०=सीडी.आयएसओ

झेड मोठा, कॉम्पॅट सी-ओ-एम-पी-ए-टी. पूर्ण भरलेल्या डिस्कला ४एक्सने साधारण चौदा-पंधरा मिनिटं. शेवटी तो ट्रे आतबाहेर करायला जातो. लॅपटॉपचा ट्रे आपणहून आत जात नसल्याने तिथे एक एरर छापला जातो. तो सोडून द्या.

ऑडिओ सीडी

एमपी३ फाइली तशाच टाकल्या तर साध्या डेकवर वाजणार नाहीत. आधी प्रत्येकीची वेव्ह फाइल करा:

एफएफएमपेग -आय अभंग.एमपी३ -एआर ४४१०० -एसी २ ०१.वेव्ह

शेवटचा शब्द डब्ल्यू-ए-व्ही, आणि एफएफनंतर एम-पी-ई-जी. मिनिटाला दहा एमबीच्या वर जागा लागते, एकूण लांबी ८० मिनिटांच्या आत हवी. मग:

वोडिम -व्ही -ऑडिओ -पॅड स्पीड=८ डेव्ह=/डेव्ह/एसआर० *.वेव्ह

क्रम नावाप्रमाणे लागतो, म्हणून ०१, ०२. यात दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता येते. अभंगांना ती शोभते. सलग कीर्तनाचे तुकडे पाडले असतील तर मात्र गजराच्या मधोमध ती टोचते. तिथे सीडीआरडीएओ हे वेगळं साधन घ्या.

अडलं तर

‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’: डिस्क कोणीतरी माउंट करून बसलं आहे, यूमाउंट करा. ‘कॅनॉट गेट एममॅप’: मेमरीवरची मर्यादा आडवी आली, एफएस कमी करा किंवा सुडोने चालवा. ‘पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर’: ड्राइव्हला या डिस्कसाठी लेझरची ताकद ठरवता आली नाही. ब्लोअरने धूळ उडवून, दुसऱ्या ब्रँडची डिस्क घालून बघा. पावसाळ्यात समुद्राजवळच्या घरांत महिनोन् महिने बंद पडलेल्या ड्राइव्हची लेन्स धूसर होते, तेव्हा हा एरर हमखास भेटतो. दोन ब्रँड बदलूनही हटला नाही तर लेझर थकला. सेकंडहँड रायटर शोधणं स्वस्त पडतं.

लिहिलेल्या डिस्कवर स्टिकर चिकटवू नका, फिरताना तोल जातो आणि दमट हवेत कडा सुटतात. नाव मऊ मार्करने, मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. सीडीचा चकाकता थर छापील बाजूच्या पातळ लॅकरखालीच असतो, बॉलपेन तिथवर पोचतं. प्रती दोन करा, वेगवेगळ्या ब्रँडच्या डिस्कवर, एक घरी आणि एक दुसऱ्या कुणाकडे. दिवाळीच्या साफसफाईत कपाट उघडाल तेव्हा दोन्हींवर शा२५६सम -सी चालवा. एकीने एखाद्या फाइलला ‘फेल्ड’ म्हटलं, तर दुसरी धड आहे तोवर तिच्यावरून नवी काढून घ्या.